आमचा टब कसा वाचला

आमच्या बाथरूममधला टब तुंबला, याचा सगळ्यात जास्त आनंद कुणाला झाला असेल तर तो माझ्या मेहुण्याला. तो आमच्याकडे राहत नाही. पण बायकोचा भाऊ घरात राहत नसला तरी असतोच. हा माणूस घरं आतून सजवून देण्याचा धंदा करतो, म्हणजे लोकांच्या धडधाकट भिंती पाडून त्याच जागी नाजूक भिंती उभ्या करतो. कुठल्याशा गिऱ्हाइकानं नाकारलेली शॉवरची एक काचेची केबिन त्याच्या गोडाऊनमध्ये धूळ खात पडली होती. ती कुणाच्या गळ्यात मारावी या विवंचनेत तो असतानाच बहिणीचा फोन गेला, "अरे, आमच्या टबातलं पाणीच जात नाहीये."

"ताई, तो टब काढूनच टाक," मेहुणा म्हणाला. फोन स्पीकरवर होता, म्हणजे मलाही ऐकवायचं होतं. "हल्ली टब ठेवतं कोण? रविवारी मी हातोडीवाला घेऊन येतो. दुपारपर्यंत मोकळं. केबिन बसली की बाजूला वॉशिंग मशीनपण बसेल बघ."

वॉशिंग मशीनचं नाव निघालं आणि माझी बाजू तिथेच ढासळली.

आता तुम्ही म्हणाल, टबासाठी एवढं काय? तर आमचं घर बघा. हॉल टीव्हीचा आहे. बेडरूम कपाटांची आहे, उरलेल्या फटीत आम्ही झोपतो. लेकीच्या खोलीचं दार वाजवलं की आतून "काय आहे?" असं येतं, आणि काय आहे ते आपण विसरतो. गॅलरीत व्यायामाची सायकल आहे, तिच्यावर टॉवेल व्यायाम करतात. ऑफिसात म्हणाल तर माझं टेबल झेरॉक्स मशीनला खेटून आहे. माझ्या मुलीच्या वयाचा साहेब येतो, कागद घालतो आणि जाताना मशीनला 'थँक्यू' म्हणतो.

उरला टब. रविवारी सकाळी मी त्यात मानेपर्यंत बुडून पडतो. तेवढा वेळ मला कुणी काही आणायला सांगत नाही, कुणी काही विचारत नाही. माझे आजवरचे सगळे उत्तम उद्योग मला तिथेच सुचले. लिफ्टमध्ये 'ही लिफ्ट फक्त वर जाईल, खाली येण्यासाठी शेजारच्या बिल्डिंगची वापरावी' अशी पाटी मी लावली होती, ती टबातलीच निर्मिती. एक गृहस्थ खरोखर शेजारच्या बिल्डिंगमध्ये गेले होते. असं सुख झेरॉक्स मशीनपाशी मिळत नाही.

"हे बघा," बायको म्हणाली, "रविवारी माझा भाऊ येईपर्यंत पाणी गेलं, तर टब राहील. नाही गेलं, तर टब जाईल. मग कुरकुर नको."

"आणि तुझ्या भावाला दुसरं गिऱ्हाईक नाही मिळालं?"

"विषय बदलू नका. तुंबला कुणामुळे? तासन्‌तास त्यात डुंबत कोण पडतं? तुमचाच काहीतरी राडा असणार खाली."

"बाबा आत काय काय करतो कुणास ठाऊक," लेक मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली. घरात माझ्याविरुद्ध बोलायचं असलं की ती वेळेवर हजर असते.

आमच्या टबाच्या तळाला पितळेचं बूच आहे. अंगठ्यानं दाबलं की बसतं, परत दाबलं की टुणकन वर येतं. टबात जे काही अडकलं होतं ते या बुचाच्या खाली होतं. म्हणजे करायचं एवढंच, की बूच फिरवून काढायचं, आत बोट घालायचं, घाण ओढायची, बूच परत लावायचं. लहान पोरसुद्धा करेल. मी बाह्या सरसावल्या आणि गढूळ, गार, साबणाची साय आलेल्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. बूच जागचं हललं नाही. वर्षानुवर्षं मी ज्याला अंगठ्यानं दाबत आलो होतो, ते आता त्याचा हिशेब चुकता करत होतं.

तेव्हा मी सरळमार्गी माणसासारखा विचार केला, की प्लंबरला बोलवावं. आयुष्यात सरळमार्गी विचार केला की मी हमखास फसतो.

आमच्या बिल्डिंगचा एक ठरलेला प्लंबर आहे. तो म्हणाला, "साहेब, सेक्रेटरींनी सांगितल्याशिवाय मी पाण्याच्या लाइनला हात लावत नाही."

म्हणून मी सेक्रेटरींकडे गेलो. त्यांना मी नोटीसराव म्हणतो, मनात. जिन्यात पाय कसा टाकावा याचीही त्यांची नोटीस आहे. दार अर्धं उघडून ते म्हणाले, "सांडपाण्याच्या लाइनचं काम आहे. असं कसं सांगू? आधी प्लंबरनं बघून मला कळवू दे, काम गरजेचं आहे म्हणून."

"पण तो तुम्ही सांगितल्याशिवाय बघत नाही."

"बरोबर आहे त्याचं. शिस्तीचा माणूस आहे."

"मग करायचं काय?"

"आपण नियम मोडायचा नाही, एवढं आपल्या हातात आहे," असं म्हणून नोटीसरावांनी दार लावलं.

जिना उतरता उतरता माझं डोकं परत मूळ स्वभावावर आलं. घरी आलो, गॅलरीत गेलो, तोंडावर टॉवेल धरला आणि ऑफिसच्या सिमवरून नोटीसरावांना फोन लावला.

"पाणी खात्यातून बोलतोय," मी शक्य तेवढ्या कंटाळलेल्या आवाजात म्हणालो. सरकारी माणसाचा आवाज काढायचा तर राग नको, कंटाळा हवा. "तुमच्या बिल्डिंगमध्ये लाइन तुंबल्याची तक्रार आहे. उद्या पाहणीला येतोय. तोवर बंदोबस्त करा."

"हो साहेब! लगेच साहेब!"

मी खूश. आता नोटीसराव प्लंबरला कान धरून माझ्या दारात आणतील, दहा मिनिटांत बूच बाहेर, आणि मेहुण्याची केबिन परत गोडाऊनमध्ये. मी स्वतःसाठी चहा टाकायला गेलो. नळ उघडला. नळानं एकदा खोकल्यासारखं केलं आणि गप्प झाला.

नोटीसरावांनी बंदोबस्त केला होता. अख्ख्या बिल्डिंगचं पाणी मुख्य कॉकपाशी बंद करून टाकलं होतं. लाइनमध्ये पाणीच गेलं नाही, तर ती तुंबलेली दिसणार कशी? मान गये! आणि प्लंबर? त्याला त्यांनी गेटजवळच्या पाइपांना रंग द्यायला बसवलं होतं.

सकाळी बिल्डिंगमध्ये हाहाकार. पिण्याचं पाणी लोकांनी विकत आणलं, पण संडासात ओतायला काय? आणि तेवढ्यात माझ्या बायकोला माणुसकीचा उमाळा आला. जिन्यात उभी राहून ती शेजारणीला म्हणाली, "आमच्याकडे टबभर पाणी आहे की! घाण आहे, पण संडासापुरतं चालेल."

मी दाढी करत होतो, म्हणजे कोरड्या गालावर ब्लेड फिरवत होतो. दार उघडलं आणि एकेक जण बादली घेऊन आत. ज्यांच्याशी मी लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे कधी गेलो नाही, ते माझ्या टबाभोवती रांग लावून उभे. मी बनियनवर.

"हे तुमच्या अंगाचं पाणी का?" एका आजींनी विचारलं.

"आठवड्यापूर्वीचं आहे," मी म्हणालो.

"मग मुरलं असेल," त्या म्हणाल्या आणि बादली बुडवली.

माझं जगातलं एकमेव खासगी ठिकाण. तिथे तिसऱ्या मजल्यावरचा विमा एजंट माझ्या साबणाचा वास घेऊन बघत होता. एकानं टब कोणत्या कंपनीचा म्हणून वाकून बघितलं. एक बाई लेकीला म्हणाल्या, "बाबा रोज बसतात का गं यात?" आणि लेक म्हणाली, "रविवारी. ध्यान लावून." सगळे हसले. मीही हसलो. आपल्यावर लोक हसत असताना आपल्याला जास्त जोरात हसावं लागतं, नाहीतर ते हसणं आपल्यावरच होतं हे सगळ्यांना कळतं.

पण एक झालं. टब रिकामा झाला. तळाशी चिखलासारखा थर, आणि त्यात मधोमध ते बूच, कोरडं आणि उघडं पडलेलं.

रांगेत शेवटी फोरमनकाका होते. कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना जमाना झाला, पण अजून ते कुठल्याही वस्तूकडे ती बंद पडल्यासारखंच बघतात. त्यांच्या वाट्याला पाणी उरलं नव्हतं, म्हणून ते बुचाकडे वळले.

"पक्कड आण," ते म्हणाले.

"काका, मी करतो—"

"तू पक्कड आण रे."

पक्कड आली. काका नळाच्या बाजूला टबाच्या काठावर बसले, मी पाठ टेकायच्या बाजूनं आत उकिडवा. काकांनी बूच पकडीत धरलं, दांडे माझ्याकडे आले.

"डावीकडे ओढ. सैल करायचं ते डावीकडे. एवढं तरी येतं ना?"

मी माझ्या डावीकडे ओढलं. काकांनी समोरून जोर दिला. बूच करकरलं.

"आलं!" काका ओरडले. "दम सोडू नको. अजून!"

आम्ही दोघांनी मिळून असा काही जोर लावला, की माझ्या पाठीत कळ गेली आणि काकांचा चष्मा टबात पडला. दाराला टेकून लेक बघत होती.

"तुम्ही ते घट्ट करताय," ती म्हणाली.

"कसं काय?"

"मघाशी खाली आटे दिसत होते. आता गेले आत. काकांचं डावं तुझं डावं आहे का, बाबा? आणि दांडा तुझ्याकडे आहे."

काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या कारखान्यात काम चालू असताना बोलणाऱ्याला मशीनजवळ उभं करत नसत."

"म्हणून बंद पडला का?" लेक म्हणाली.

त्यानंतर काका जरा इरेलाच पेटले. पक्कड फेकली. हातोडी मागवली, मोठा स्क्रू ड्रायव्हर मागवला, तो बुचाच्या कडेखाली रोवला आणि छिन्नीसारखा ठोकायला सुरुवात केली. मी म्हणालो, "काका, टबाला लागेल." काका म्हणाले, "लागणार नाही." तेवढ्यात टवका उडाला. भोकाच्या कडेचा एक पांढरा कपचा सरळ माझ्या कपाळावर. "हा आधीच तडकलेला होता," काका म्हणाले. पुढच्या ठोक्याला बुचाची मान मोडली आणि बूच टण्णकन आरशावर जाऊन आपटलं. आरसा मात्र वाचला. आमच्या घरात काय फुटावं हे सामान बरोबर ठरवून घेतं.

पण बूच निघालं होतं! मी आत बोट घातलं आणि काहीतरी मऊ, लांब, चिकट हाताला लागलं. ओढलं. आणखी ओढलं. संपेचना. शेवटी एखाद्या पाणमांजराचं शेपूट बाहेर यावं तसा केसांचा भला थोरला पुंजका बाहेर आला. लांबच लांब केस. अर्धे लालसर रंगवलेले, म्हणजे लेकीचे. अर्धे मेंदीचे, म्हणजे आणखी कुणाचे हे सांगायची गरज नाही.

आता माझ्या डोक्याबद्दल सांगतो. माझ्या डोक्यावर कानांच्या वर काहीही नाही.

आठवडाभर या घरात मी आरोपी होतो. माझ्या डुंबण्यानं टब तुंबला, माझ्या साबणानं, माझ्या आळशीपणानं. आणि हा पुरावा, माझ्या हातात, ठिबकत होता. सभ्य माणसानं तो कचऱ्यात टाकला असता. मी तो कसाबसा पुसला, डोक्यावर नीट बसवला, दोन बटा कानावर सोडल्या आणि हॉलमध्ये गेलो.

बायको मेहुण्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. मी तिच्या मागे उभा राहून मान वेळावली.

"ताई, मागे कोण आहे?" मेहुणा म्हणाला.

बायकोनं वळून बघितलं आणि अशी किंचाळली, की काका चष्म्याशिवायच धावत आले.

"ओळखीचे वाटतात का?" मी विचारलं. "खालचा रंग तुझा, वरचा लेकीचा. माझा वाटा किती, तो शोधून दे."

"शी बाबा! काढ ते!" लेक आतून ओरडली.

"तुम्हाला ना," बायको म्हणाली, "लाज म्हणून नाही." बस्स. चुकले, माफ करा, असं काही नाही. आयुष्यात मी इतका स्वच्छपणे निर्दोष कधीच ठरलो नव्हतो आणि त्याचा निकाल काय, तर लाज नाही.

आता पाणी सोडून बघायला हवं होतं, पण पाणी कुठाय? मी परत टॉवेल धरून नोटीसरावांना फोन केला, "पाहणी रद्द झालीय. पाणी सुरू करा."

"रद्द कशी?" नोटीसराव चिडले. "आम्ही पाइप रंगवले! तुम्ही येऊन बघितल्याशिवाय मी कॉक उघडणार नाही."

हा माणूस माझ्यापुढे एक पाऊल होता. मी गॅलरीतून खाली वाकून बघितलं. कडक इस्त्रीचा निळा शर्ट घालून ते गेटवर उभे होते, कानाला फोन.

"तुम्ही आत्ता निळ्या शर्टात गेटवर उभे आहात," मी कंटाळलेल्या आवाजात म्हणालो. "आमची पाहणी न कळवता चालते. झाली ती. पाइप छान आहेत."

नोटीसरावांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, समोरच्या झाडाकडे बघितलं, आणि मग रिकाम्या रस्त्याला वाकून नमस्कार केला. थोड्याच वेळात पाणी आलं आणि लिफ्टमध्ये नोटीस लागली, की सेक्रेटरींच्या दक्षतेमुळे बिल्डिंग पाहणीत उत्तीर्ण झाली आहे. खरं सांगतो, त्या सबंध आठवड्यात मला मिळालेलं सुख तेवढंच.

टबात पाणी सोडलं. सरसर गेलं. खालून घुटघुट असा गोड आवाज आला, तहानलेल्या गड्यानं तांब्या रिकामा करावा तसा. मी जिंकलो होतो. आता टब भरायचा म्हणून बूच लावायला घेतलं. मान मोडलेलं बूच भोकावर ठेवलं, तर ते पाण्याबरोबर तरंगल्यासारखं कलंडलं. नुसतं रबरी बूच आणलं, तर टवका उडाला होता तिथून पाणी निसटायला लागलं. आधी टबातलं पाणी जात नव्हतं. आता राहत नव्हतं.

मोडकं बूच घेऊन मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं ते उलटंसुलटं केलं.

"हे आता येत नाही. खालची सगळी जोडणीच बदलावी लागेल."

"मग बदलू."

"बदलता येईल. फक्त त्याच्यासाठी टब फोडावा लागेल."

मी बूच खिशात घातलं आणि घरी आलो. कुणाला काही बोललो नाही.

रविवारी मेहुणा आला. मागे हातोडीवाला, खांद्यावर पोतं, पोत्यात घण. मेहुण्यानं चप्पल काढायच्या आधी टेप काढली.

"थांब," बायको त्याला म्हणाली. "पाणी जायला लागलंय. आमचं ठरलं होतं, गेलं तर टब राहील."

हे मात्र मान्य करायला हवं. शब्दाची ती पक्की आहे. मला एकदम भरून आलं.

मेहुण्यानं नळ सोडला, पाणी गेलेलं बघितलं, आणि मग सावकाश म्हणाला, "जातंय. पण दाजी, राहतंय का? जरा भरून दाखवा ना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बायको, लेक, आवाज ऐकून आलेले फोरमनकाका, पोतं खाली ठेवलेला हातोडीवाला. मी पायजमा-बनियनसकट टबात उतरलो, बसलो, आणि उजव्या पायाची टाच त्या भोकावर नेमकी, घट्ट रोवली. नळ पूर्ण सोडला.

पाणी चढायला लागलं. घोट्याला आलं, गुडघ्याला आलं, पोटाला आलं. भोकानं टाच आतून ओढून धरली होती. थेंब गळत नव्हता.

"राहतंय," मी म्हणालो.

मेहुण्यानं वाकून पाण्यात बघितलं. मग काका म्हणाले, "सील चांगलं बसलंय."

"आणि हे काय कायमचं असंच?" मेहुण्यानं विचारलं.

"हो."

"पाय दुखला तर?"

"दुसरा आहे."

मेहुण्यानं बहिणीकडे बघितलं. बायकोनं पदरानं हात पुसले. "जातंय पण, राहतंय पण," ती म्हणाली. "मग टब राहू दे. चल, चहा घे." मेहुण्यानं टेप आवळून खिशात घातली, हातोडीवाल्यानं पोतं उचललं, आणि सगळे हॉलमध्ये गेले. कपबशांचा आवाज आला. काका कारखान्यातला एक किस्सा सांगायला लागले. त्यात मी नव्हतो.

टब माझा राहिला होता. मी डोळे मिटले. टाचेला मुंग्या आल्या होत्या, पण हलवता येत नव्हती. मान मागे टेकली तर टाच सुटत होती, टाच दाबली तर मान वर येत होती. एवढ्यात पाऊल वाजलं. उठून दार लोटायची सोय नव्हती.

बायको होती. कवेत हॉलचे पडदे होते, वर्षभराची धूळ पोटात घेऊन.

"बरं झालं भरलाय," ती म्हणाली, आणि एकेक पडदा माझ्या मांडीवर सोडत गेली. मग डब्यातून साबणाची पावडर भुरभुरली, पडदे माझ्या गुडघ्यांभोवती नीट दाबून बसवले. "तासभर भिजायला हवेत. हलू नका हं."